कुत्र्याला आव, मांजरीला उलट्या: औषधाआधी नेमकं काय तपासून घ्यायचं?

माहीमची_शेजारीण

नमस्कार. घरात दोघांचंही पोट बिघडलंय, म्हणून एकाच धाग्यात विचारते.

शेरू: देशी कुत्रा, ५ वर्षांचा, नसबंदी झालेली, वजन १८ किलो. महिनाभर शी बिघडलेली आहे. दिवसातून सहा-सात वेळा बसतो, खूप कुंथतो, दर वेळी जराशीच होते. शेवटी बुळबुळीत आव, कधी त्यावर लाल रक्ताचा ठिपका. खाणं व्यवस्थित, वजन उतरलेलं नाही, उलटी नाही. मेट्रोनिडॅझोलचा (अँटिबायोटिक) कोर्स झाला की आठवडाभर शी बांधून होते, मग परत तेच. जंताची गोळी (प्रॅझिक्वांटेल आणि पायरँटेल) गेल्या महिन्यात दिली आहे. जेवण चिकन-भात आणि वर दही. लसी पूर्ण.

मनी: दीड वर्षाची, ३.५ किलो, घराबाहेर जात नाही. काल दुपारपासून बऱ्याच उलट्या झाल्या. आधी खाल्लेलं पडलं, आता नुसता पिवळा फेस. कालपासून अन्नाला तोंड लावलेलं नाही, शी नाही, पलंगाखाली बसून सारखी गिळल्यासारखं करते. केसांचा गोळा असेल म्हणून हेअरबॉलची पेस्ट चाटवली, तीही ओकली.

विचारायचं आहे ते असं. शेरूची आधी सोनोग्राफी करू की रक्ततपासणी? आणि मनीला घरात असलेली माणसांची ऑनडॅनसेट्रॉन (उलटी थांबवायची गोळी) देऊन उद्यापर्यंत वाट पाहिली तर चालेल का?

मांजरघर_दादर

ताई, शेरूला वेळ आहे, मनीला नाही. आधी फोन लावा, बाकीचं वाटेत वाचा.

तरुण, घरातच राहणारी मांजर, अचानक सुरू झालेल्या उलट्या, खाणं बंद, लपून बसणं आणि सारखं गिळणं, हे सगळं एकत्र आलं की पहिला संशय दोऱ्याचा घ्यायचा. शिवणाचा दोरा (कधी सुईसकट), गजऱ्याचा दोरा, राखीचं रेशीम, गॅलरीत अडकलेला मांजा, मिठाईच्या खोक्याची फीत. मांजरीच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. एकदा तोंडात गेलेला दोरा तिला थुंकता येत नाही, तो आतच सरकत राहतो.

त्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी नाहीतर जठराच्या तोंडाशी अडकतं आणि बाकीचा दोरा आतड्यात उतरतो. आतडं त्याला पुढे ढकलायला जातं आणि नाडी ओढलेल्या लेंग्याच्या नेफ्यासारखं त्याच्यावरच चुण्या पडून गोळा होतं. ताणलेला दोरा आतून घासत राहतो आणि आतड्याला भोकं पडतात. मग पोटात जंतुसंसर्ग पसरतो. म्हणून 'उद्यापर्यंत' नको.

जिभेखाली बघता येतं, पण दोन माणसं लागतात. एकाने मनीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरायचं. दुसऱ्याने एका हाताने डोकं किंचित मागे करायचं, दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने खालचा जबडा उघडायचा आणि त्याच हाताचा अंगठा हनुवटीच्या खाली, जबड्याच्या दोन हाडांमधल्या मऊ जागेत वर दाबायचा. जीभ उचलली जाते आणि तिच्या खालची मधली शीर दिसते. मोबाईलचा टॉर्च मारा. दोरा कधी सरळ दिसतो, कधी मांसात रुतून नुसती लाल चीर दिसते. दिसला तर ओढू नका, घरी कापूही नका. गुदद्वारातून लोंबत असला तरी तेच. दिसला नाही म्हणजे नाहीच असंही धरू नका, कारण जठरात अडकलेला दोरा तोंडातून दिसत नाही. ती चावायला लागली तर नाद सोडा आणि निघा.

एक्स-रेत दोरा दिसत नाही, हे आधीच माहीत असू द्या. डॉक्टर बघतात ते आतडी एका बाजूला गोळा झाली आहेत का आणि त्यांच्यात स्वल्पविरामाच्या आकाराचे हवेचे छोटे बुडबुडे आहेत का. शंका राहिली तर सोनोग्राफीत चुण्या स्पष्ट दिसतात. 'एक्स-रे नॉर्मल आहे' एवढ्यावर घरी परतू नका, सोनोग्राफी मागा.

ऑनडॅनसेट्रॉन घरी का नको? औषध मांजरांनाही वापरतात, वाईट नाही. पण त्याने उलटी थांबते आणि अडथळा तसाच राहतो. मनीला बरं वाटतंय असं तुम्हाला दिसतं आणि त्यात रात्र जाते. पेस्टही थांबवा. ओकणाऱ्या मांजरीच्या तोंडात तेलकट पदार्थ गेला की तो श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

अजून एक आठवून बघा. घरात लिलीचा गुच्छ आला होता का? दुकानातल्या गुच्छात असते ती मोठ्या पाकळ्यांची खरी लिली. तिचं पान, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजरीची किडनी बंद पाडतं आणि सुरुवात उलट्यांनीच होते. असेल तर डॉक्टरांना पहिलं वाक्य तेच सांगा.

माहीमहून परळचं बाई साकरबाई पेटिट हॉस्पिटल जवळ आहे, आणि २०२४ साली महालक्ष्मीला सुरू झालेलं टाटांचं प्राण्यांचं हॉस्पिटलही. कुठेही जा, पण फोन करून तीन गोष्टी विचारून निघा: आत्ता एक्स-रे होईल का, सोनोग्राफी करणारं कुणी आहे का, आणि गरज पडली तर ऑपरेशन आजच होईल का. तिन्हीला 'हो' मिळेल तिथे जा. वाटेत खायला-प्यायला काही देऊ नका, भूल द्यावी लागेल.

पशुवैद्य_मध्यमुंबई

मनीबद्दल वर लिहिलंय त्याला पूर्ण दुजोरा. आता शेरू.

ताई, तुम्ही वर्णन इतकं नीट केलंय की अर्धं निदान त्यातच आहे. जुलाब लहान आतड्याचे की मोठ्या, हे आधी ठरवायचं, कारण पुढची सगळी वाट त्यावर अवलंबून असते. लहान आतडं बिघडलं की शी दिवसातून दोन-चार वेळाच होते पण प्रत्येक वेळी भरपूर, पाण्यासारखी. वजन उतरतं, उलट्या असू शकतात आणि रक्त असेल तर ते पचून डांबरासारखं काळं दिसतं. मोठं आतडं बिघडलं की घाई, कुंथणं, वारंवार थोडी थोडी शी, आव आणि ताजं लाल रक्त. वजन टिकून राहतं. शेरूचं सरळसरळ मोठं आतडं आहे.

म्हणून सोनोग्राफी आधी नको. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराबद्दल ती फार थोडं सांगते. माझा क्रम असा: शीची तपासणी, गुदद्वारातून बोट घालून तपासणी, जंतांचं पूर्ण औषध, आहार बदलून चाचणी. एवढं करूनही सुटलं नाही तर रक्त, सोनोग्राफी आणि शेवटी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्यात कॅमेरा घालून तपासणी) करून अस्तराचे तुकडे तपासायला. बोटाच्या तपासणीला अर्धं मिनिट लागतं आणि तरीही ती बऱ्याचदा राहून जाते. गुदद्वाराजवळची गाठ, हाडाचा तुकडा, भरलेल्या गुदग्रंथी तिथेच हाताला लागतात. केली नसेल तर आग्रह धरा.

जंताच्या गोळीत तुमची फट राहिली आहे. प्रॅझिक्वांटेल पट्टकृमींवर चालतं, पायरँटेल गोलकृमी आणि हूकवर्मवर. व्हिपवर्मवर या दोन्हींचा उपयोग नाही. तो मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला अस्तरात डोकं खुपसून राहतो आणि अगदी शेरूसारखीच लक्षणं देतो. त्याची अंडी कधी पडतात, कधी नाही. शिवाय कुत्र्याच्या पोटात गेल्यापासून अंडी दिसायला लागेपर्यंत तीनेक महिने जातात. म्हणून शी तपासणीत नाही दिसला तरी औषध द्यायचं. फेनबेंडाझोल, किलोमागे ५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, जेवणात मिसळून. १८ किलोला ९०० मिलिग्रॅम, म्हणजे १५० च्या ६ गोळ्या. व्हिपवर्मला ३ दिवस पुरतात, जिआर्डियाला (आतड्यातला एकपेशीय परजीवी, यानेही जुलाब होतात) ५, म्हणून सरळ ५ दिवस द्या. मग ३ आठवड्यांनी आणि पुन्हा ३ महिन्यांनी तोच डोस. दुसरा-तिसरा फेरा चुकवला की मधल्या काळात मोठे झालेले जंत तसेच राहतात, आणि 'औषध दिलं पण फरक पडला नाही' असं ऐकू येतं.

मेट्रोनिडॅझोलबद्दल मला कळकळीने सांगायचंय. साध्या जुलाबांत ते हात धुतल्यासारखं दिलं जातं आणि ते थांबायला हवं. त्याने जिआर्डिया अर्धवट दबतो, म्हणून मधल्या काळात तपासलेली शी खोटी स्वच्छ येते. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ती घडी पुन्हा बसायला कित्येक आठवडे लागतात. त्या काळात साधं कारणसुद्धा जुलाबाला पुरतं. वारंवार किंवा जास्त डोसात दिलं तर तोल जाणं, डोळ्यांची बुबुळं थरथरणं असा मज्जासंस्थेचा त्रास होतो. कोर्समागून कोर्स देण्याआधी एकदा तरी शी सूक्ष्मदर्शकाखाली बघा, एवढंच म्हणणं आहे. ताप, खूप मरगळ, रक्तात पांढऱ्या पेशींची गडबड असेल तेव्हा अँटिबायोटिकची खरी जागा.

आहार. चिकन-भात हा पोटाला आराम देणारा आहार आहे, ती आहार-चाचणी नव्हे. रोज चिकन खाणाऱ्या कुत्र्याला चिकनचीच ॲलर्जी असेल तर त्याने काय कळणार? चाचणीसाठी हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं (ॲलर्जी उठू नये म्हणून प्रथिनं बारीक तोडलेलं) तयार खाद्य घ्या. परवडत नसेल तर आजवर कधीच न दिलेला एकच मांसाहार आणि सोबत उकडलेला बटाटा. पोटाच्या तक्रारीत दोन आठवड्यांत फरक दिसायला लागतो. त्या काळात दुसरं काहीही नाही: दही नाही, वॉचमनने दिलेलं ग्लुकोज बिस्कीट नाही, चिकनच्या वासाच्या चघळायच्या गोळ्या नाहीत. चाचणी फसते ती बहुतेक वेळा या बिस्किटापायीच. लिफ्टमध्ये एक चिठ्ठी लावलीत तर बरं. घरी बनवलेलं हे जेवण चाचणीपुरतंच, कारण त्यात कॅल्शियम आणि बरंच काही कमी असतं.

सोबत इसबगोल. एका जेवणाला एक चहाचा चमचा, भरपूर पाण्यात भिजवून अन्नात कालवा, तीन-चार दिवसांत दोन चमच्यांपर्यंत न्या. कोरडी टाकू नका. फक्त तंतूने सुटणारे मोठ्या आतड्याचे जुलाब मी पुष्कळ पाहतो.

रक्ततपासणी करालच तेव्हा सोडियम, पोटॅशियम आणि सकाळचं कॉर्टिसॉल त्यात असू द्या. ॲडिसनच्या आजारात (किडनीजवळच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं कमी पडतात) असेच येत-जात पोटाचे त्रास होतात. कॉर्टिसॉल २ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आलं तर तो आजार बाद. आणि गंमत नाही, पण व्हिपवर्म भरपूर झाले तर सोडियम-पोटॅशियम नेमकं ॲडिसनसारखं बिघडतं. म्हणून त्या आकड्यांवरून लगेच आयुष्यभराचं औषध सुरू करू नये.

शेरूच्या कुठल्याही दुखण्यावर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घरी देऊ नका. कुत्र्यांच्या जठरात त्याने व्रण होतात, भोकही पडतं.

स्लाइडवाला

शीच्या नमुन्याबद्दल लिहितो, कारण लॅबला येणारे निम्मे नमुने तपासायच्या लायकीचे नसतात.

एक चहाचा चमचाभर लागते. गुदद्वाराला कापूस लावून आणलेला डाग चालत नाही. आव असेल तर आवेचा भाग घ्या. जमिनीला टेकलेला थर घेऊ नका. पावसाळ्यात मातीतले सूक्ष्म कृमी नमुन्यात चढतात आणि अननुभवी तंत्रज्ञ त्यांना हूकवर्मच्या अळ्या म्हणून लिहून मोकळा होतो. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची प्लास्टिकची डबी घ्या. तिच्यावर प्राण्याचं नाव आणि शी झाल्याची वेळ लिहा. वेळ महत्त्वाची आहे: मुंबईच्या उकाड्यात हूकवर्मची अंडी दिवसभरात फुटून अळ्या बाहेर येतात आणि अंडी शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही.

तासाभरात पोचवणार नसाल तर डबी दोन पिशव्यांत घालून फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नको, अंडी फुटतात. पण एक अपवाद लक्षात ठेवा. जिवंत, पोहणारे जीव बघायचे असतील, म्हणजे जिआर्डियाचं हलतं रूप किंवा मांजरीत ट्रायट्रायकोमोनास (मोठ्या आतड्यातला एकपेशीय परजीवी), तर नमुना थंड करायचा नाही. अर्ध्या तासाच्या आत कोमट सलाईनच्या थेंबात स्लाइडवर जायला हवा. त्यासाठी प्राण्यालाच दवाखान्यात नेऊन तिथेच नमुना काढणं बरं.

लॅबला विचारा, फ्लोटेशन (जड द्रावणात अंडी वर तरंगवून शोधणं) सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात गरगर फिरवून करता की नुसतं ठेवून? आणि कोणत्या द्रावणात? १.१८ घनतेचं झिंक सल्फेट जिआर्डियाच्या गाठींना (सिस्ट, म्हणजे शीतून बाहेर पडणारं त्याचं कवचातलं रूप) मानवतं. साखरेच्या घट्ट द्रावणात त्या चिमटून चंद्रकोरीसारख्या होतात आणि निसटतात. व्हिपवर्मचं अंडं मात्र जड असतं, त्याला सेंट्रिफ्यूज केलेलं साखरेचं द्रावण जास्त चांगलं. चालू लॅबमध्ये दोन्ही होत नसेल तर निदान सेंट्रिफ्यूज तरी करा म्हणावं.

जिआर्डिया रोज पडत नाही. एक-दोन दिवसांच्या अंतराने तीन नमुने द्या. सोबत अँटिजन किट (जिआर्डियाची प्रथिनं शीत शोधणारी झटपट चाचणी) केलं तर पकड वाढते. फक्त उपचारानंतर किट पुन्हा करून घाबरू नका, ते कित्येक आठवडे पॉझिटिव्ह राहू शकतं. बरं झालं का हे सूक्ष्मदर्शकाखाली बघा. आणि औषधाच्या शेवटच्या दिवशी शेरूला शॅम्पूने आंघोळ घाला, मागची बाजू नीट धुऊन. केसांत चिकटलेल्या गाठी तो चाटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मेट्रोनिडॅझोल आत्ता चालू असेल तर शेवटच्या गोळीनंतर आठवडा-दहा दिवस जाऊ द्या, मग पहिला नमुना.

गोरेगाव_पूर्व

याच धाग्यात विचारतो, माफ करा. सोसायटीच्या आवारात एका कुत्रीची चार पिल्लं आहेत, अंदाजे दोन महिन्यांची. लस झालेली नाही. एक कालपासून ओकतंय, आज सकाळी रक्ताचे जुलाब, वास फार उग्र. बाकीची तीन खेळतायत. ओआरएस पाजतोय पण राहत नाही. पार्किंग फिनाईलने धुतलं.

पशुवैद्य_मध्यमुंबई

दादा, पार्वो (पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य जुलाब) धरूनच चाला. आजारी पिल्लू वेगळ्या खोक्यात घालून ताबडतोब दवाखान्यात न्या. तिथे रिसेप्शनलाच सांगा की पार्वोचा संशय आहे, म्हणजे ते बाकीच्या प्राण्यांत बसवणार नाहीत.

शीच्या किटवर दहा-पंधरा मिनिटांत उत्तर मिळतं. निगेटिव्ह आलं तरी लक्षणं अशी असतील तर पांढऱ्या पेशी मोजून घ्या. अगदी सुरुवातीला आणि उशिरा किट चुकतं. उपचाराचा कणा सलाईन आहे, शिरेतून. हिशोब असा: पिल्लू ३ किलोचं आणि शरीरातलं पाणी ८ टक्के कमी झालेलं, तर तूट २४० मिलिलिटर. त्यावर रोजची गरज आणि जुलाब-उलटीतून जाणारं वेगळं. कातडीखाली सलाईन देऊन एवढी तूट भरत नाही, कारण पाणी कमी झालेल्या पिल्लाच्या कातडीत ते शोषलं जात नाही. उलटीसाठी मॅरोपिटंट किलोमागे १ मिलिग्रॅम. इथे अँटिबायोटिक हवंच: आतड्याचं अस्तर गळून पडतं आणि जिवाणू रक्तात शिरतात, त्याच वेळी पांढऱ्या पेशीही संपलेल्या असतात. साखर तपासत राहायला सांगा, एवढ्या लहान पिल्लांची साखर भराभर उतरते. आणि उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत सोडा. उलटी आटोक्यात आली की नाकातल्या नळीने थोडं थोडं अन्न सुरू केलेली पिल्लं लवकर सावरतात.

मधेच पिल्लू पुन्हा बिघडलं आणि पोटात बोटभर लांब, घट्ट वळकटी हाताला लागली तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. लगेच सोनोग्राफी.

फिनाईलने पार्वो मरत नाही. डेटॉलनेही नाही. या विषाणूला चरबीचं आवरणच नसतं, म्हणून ही औषधं त्याला लागू पडत नाहीत. शिवाय फिनाईल मांजरांना विषारी आहे. आधी घाण उचला, साबणाने धुवा, मग साधारण ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १ भाग आणि पाणी ३० भाग, १० मिनिटं ओलं राहू द्या. फिनाईल किंवा ॲसिडमध्ये ते मिसळू नका. मातीत विषाणू महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे त्या कोपऱ्यात लस न झालेलं नवं पिल्लू आणू नका.

बाकीची तीन आज खेळतायत याचा अर्थ ती सुटली असा नाही. शिरकाव झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सहसा तीन ते सात दिवस जातात. रोज दोनदा बघा. खाणं कमी झालं की त्याच दिवशी न्या, रक्ताची वाट बघू नका. वाचलेलं पिल्लू दोन आठवडे तरी वेगळं ठेवा. आणि पुढच्या खेपेला: लस ६ ते ८ आठवड्यांपासून, दर २ ते ४ आठवड्यांनी, शेवटची १६ आठवड्यांची झाल्यावर. मधेच एक देऊन थांबलं तर आईकडून आलेली प्रतिकारशक्ती ती लस खाऊन टाकते.

मोठ्या कुत्र्यांसाठी एक जोड: पावसात तुंबलेल्या पाण्यातून फिरून आलेला कुत्रा आठवडा-दोन आठवड्यांत ओकायला लागला, ताप आहे, हिरड्या किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसतोय, तर ते नुसतं पोट नाही. लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. त्याची लघवी हातमोज्यांशिवाय हाताळू नका, माणसांनाही होतो.

माहीमची_शेजारीण

मनीच्या जिभेखाली दोरा सापडला. एक्स-रेत आतडी गोळा झालेली, सोनोग्राफीत चुण्या. ऑपरेशन झालं: जठर उघडलं, आतड्याला दोन ठिकाणी छेद दिले, आतडं कापून काढावं लागलं नाही. परवा घरी सोडतील. घरी काय बघायचं आणि खायला कधी, किती? मंडळी, मनापासून आभार.

मांजरघर_दादर

वेळेत नेलंत, छान झालं.

खाणं लवकर सुरू करायचं. शुद्धीवर आल्यावर १२ ते २४ तासांत थोडं अन्न पुढे ठेवतात. आतड्याच्या पेशी आतून येणाऱ्या अन्नावर जगतात, उपाशी ठेवल्याने टाके लवकर भरत नाहीत. साडेतीन किलोच्या मांजरीची विश्रांतीतली गरज दिवसाला साधारण १८० कॅलरी. पहिल्या दिवशी त्याचा एक तृतीयांश, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण, आणि हे पाच-सहा वेळात विभागून. ओलं, मऊ खाद्य द्या. पाकिटावर कॅलरी लिहिलेल्या असतात, त्यावरून हिशोब करा. किंचित कोमट केलंत की वास उठतो आणि ती तोंड लावते. एक संपूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना कळवा. भूक वाढवणारं औषध किंवा नाकातली नळी हे दोन्ही पर्याय असतात. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली की शरीरातली चरबी यकृतात साठायला लागते आणि कावीळ होते. जाड मांजरींत हे जास्त, पण बारीक मांजर सुटते असं नाही.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. आतड्याचे टाके सुटायचे असतील तर बहुतेक याच दिवसांत सुटतात. आधी बरी होत असलेली मनी पुन्हा लपून बसली, खाणं सोडलं, उलटी सुरू झाली, पोटाला हात लावू देईना, हिरड्या फिकट पडल्या, तर तासाभरात हॉस्पिटल. ताप मोजायचा तर गुदद्वारात, थर्मामीटरला जेली लावून. ३८.१ ते ३९.२ सेल्सिअस नेहमीचं. ३९.५ च्या वर गेलं तर फोन. ३७.५ च्या खाली गेलं तर त्याहून घाईने, कारण पोटात जंतुसंसर्ग पसरलेल्या मांजरीचं अंग बऱ्याचदा गार पडतं.

दुखण्यासाठी त्यांनी दिलेलंच औषध. माणसांची पॅरासिटामॉल मांजरीला एक गोळीसुद्धा जीवघेणी आहे, क्रोसिन म्हणा की कुठलंही नाव. मेलॉक्सिकॅम (दुखण्या-सुजेचं औषध) घरात पडलेलं असेल तर तेही स्वतःहून नको.

दोन-तीन दिवस शी झाली नाही तर लगेच घाबरू नका, पोट रिकामंच होतं. पण कुंथून काहीच येत नसेल तर ती शीसाठी कुंथतेय की लघवीसाठी हे वाळूत बघून सांगा. बद्धकोष्ठाला माणसांचा फॉस्फेटचा एनिमा चुकूनही नाही, मांजरी त्याने मरतात. लागलं तर डॉक्टर लॅक्ट्युलोज देतील.

गळ्यातला प्लास्टिकचा कोन १० ते १४ दिवस, बाहेरचे टाके निघेपर्यंत. जेवताना तुमच्यासमोर काढा, जेवण झालं की परत घाला. पलंग, कपाटावर उड्या नकोत, शक्य असेल तर एका लहान खोलीत ठेवा. जखम रोज एकदा बघा: किंचित लालसर चालेल, पाणी गळणं, फुगवटा किंवा वास चालणार नाही. आणि शिवणाची पेटी झाकणाच्या डब्यात गेली पाहिजे, गजरा काढल्या काढल्या झाकणाच्या कचरापेटीत.